गादीखालचं इंजिन

डिझेल पुशर जातीच्या मोटरहोममध्ये इंजिन मागच्या टोकाला असतं आणि बेडरूमही मागच्याच टोकाला असते. त्यामुळे इंजिन बघायचं म्हटलं की आधी उशा काढा, पांघरुणं काढा, आईची औषधांची पिशवी काढा, दुपारची डुलकी घेणाऱ्या बाबांना उठवा आणि मग गादी वर करा. खाली झाकण, झाकणाखाली सहा सिलिंडर. अमेरिकन माणूस या सोयीवर लाखो डॉलर खर्च करतो.

आमच्या दाजींनी मात्र सेकंडहँड घेतली होती. 1997 सालची, अडतीस फुटी, बारा-तेरा टनांची. आत शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, आणि ताईने लावलेला गणपतीचा फोटो. कोलोराडोत हे धूड साध्या कारच्या परवान्यावर चालवता येतं, हे कळल्यापासून आईचा जप वाढला होता.

इंजिन कमिन्सचं, 8.3 लिटरचं. इथे गोष्ट नाजूक होते, कारण बाबा कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समधून निवृत्त झालेले. कंपनी 1962 सालची, आणि बाबांची सगळी नोकरी तिथल्या टेस्ट बेडवर गेली. टेस्ट बेडवर इंजिनाला डायनामोमीटर जोडून पूर्ण भार द्यायचा आणि समोरच्या काचेच्या नळ्यांत पाणी किती चढलं, पारा किती चढला, हे लिहून घ्यायचं. माणसांच्या बोलण्यावर बाबांचा विश्वास बेताचाच. पाणी आणि पारा सांगतील ते खरं. पण सासऱ्याने जावयाच्या गाडीत खोट काढायची नाही, हा नियमही त्यांनी आयुष्यभर पाळलेला. डेन्व्हरहून निघालो तेव्हा या दोन निष्ठांची टक्कर व्हायची होती.

जायचं होतं युटात, मोआबला. डेन्व्हरच मुळात 5,280 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जेमतेम सव्वाशे फूट खाली. तिथून इंटरस्टेट 70 पश्चिमेला निघतो तो चढतच जातो, आणि आयझेनहॉवर बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी 11,158 फूट होतात. बोर घाट चढून लोणावळ्याला दोन हजार फुटांवर पोचलो की आपण गाडीला पाणी पाजतो आणि स्वतःला चिक्की.

जॉर्जटाऊन मागे पडलं आणि गाडीने मान टाकायला सुरुवात केली. ताशी पंचावन्न मैलांवरून पंचेचाळीस, पस्तीस, मग पंचवीस. लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक आम्हाला ओलांडून गेला. मग सायकली लादलेली एक जुनी कार गेली. दाजींनी धोक्याचे दिवे लावले आणि पाय एक्सलरेटरवरच रोवून ठेवला. ड्रायव्हरसमोर मागच्या कॅमेऱ्याचा छोटा पडदा असतो. त्यात मगाशी रॉकी पर्वत दिसत होता, आता फक्त काळं दिसत होतं.

"कॅमेरा गेला का हो?" आईने विचारलं.

"धूर आहे," बाबा म्हणाले आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागले.

"उंचीमुळे होतं असं," दाजी म्हणाले. "हवा विरळ आहे ना इथे."

हवा विरळ होती हे खरंच. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच उरते. बाबांना स्वतःला शर्टाचं बटण लावतानाही धाप लागत होती. पण जावयाचा मुद्दा त्यांना पचत नव्हता. बोगद्यात शिरल्यावर अंधाराचा फायदा घेऊन ते म्हणाले, "जावईबापू, तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त, इंजिनाला टर्बो आहे. उंचीवर तो जरा जोरात फिरून हवेची भरपाई करतो. थोडी ताकद जाईल, पण इतकी नाही. आणि काळा धूर निघतोय म्हणजे डिझेल पुरेसं पोचतंय, हवा कमी पडतेय. डिझेलचा फिल्टर तुंबला असता तर ताकद गेली असती, पण धूर असा आला नसता."

बोगदा संपला. दाजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मुक्काम डिलनच्या तळ्याकाठी, एका कॅम्पग्राउंडवर. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर इंजिनाचं झाकण उघडण्याचा आवाज माणसांना मैलभरावरून ऐकू येतो. पाच मिनिटांत घडीच्या खुर्च्या घेऊन मंडळी हजर. एकाच्या मते इंजेक्टर. दुसऱ्याच्या मते टर्बो बसला. पट्ट्यांची पँट घातलेल्या एका निवृत्त ट्रकवाल्या आजोबांनी टर्बोच्या पुढच्या पाइपांचे सगळे क्लॅम्प हलवून पाहिले. दाबलेली हवा तिथून निसटली तरी असाच धूर येतो. क्लॅम्प घट्ट होते. आजोबांबद्दल बाबांना तिथेच आदर वाटला.

मग बाबांना हवेच्या फिल्टरवरची ती डबी दिसली. अंगठ्याएवढी, पारदर्शक, आत पिवळी खूण आणि बाजूला आकडे: पाण्याचे इंच. इंजिन हवा ओढताना फिल्टरच्या पलीकडे किती ओढ तयार होते, ते ही डबी दाखवते, आणि जी सगळ्यात जास्त ओढ झाली असेल तिथेच खूण अडकून राहते. या जातीच्या टर्बो डिझेलला पंचवीस इंच ही हद्द. ऐकायला मोठं वाटतं, पण दाबात मोजलं तर टायरमधल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याएवढं. खूण पंचवीसच्या पलीकडे, लाल पट्ट्यात रुतून बसली होती.

"ती बिघडलीय," दाजी म्हणाले. "मार्चमध्ये वर्कशॉपमध्ये दाखवली होती. त्यांनी फिल्टर नवा घातला, तरी ती पुन्हा लाल झाली. ते म्हणाले, इंडिकेटर खराब आहे, लक्ष देऊ नका."

त्या सल्ल्याचे त्यांनी तासाला दीडशे डॉलरच्या वर मोजले होते, हे मला ताईने स्वयंपाकघरात सांगितलं.

बाबांनी डबीचं बटण दाबलं. खूण खाली आली. इंजिन चालू केलं, खूण हलेना. जागेवरच रेस केलं. जरा थरथरली, परत खाली. खुर्च्यांतून समाधानाचे उद्गार आले. झालं की ठीक!

"वर्कशॉपवाल्यांनीही असंच बघितलं असणार," बाबा मला हळूच म्हणाले. मग टिश्यू पेपरवर हिशोब. 8.3 लिटर, चार फेऱ्यांचं इंजिन, दर दोन चक्रांना एकदा पोट भरतं. 2,200 चक्रांना मिनिटाला नऊ हजार लिटरच्या वर. त्यावर टर्बो दाबून भरतो, म्हणजे दुपटीच्या आसपास धरा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. बरं, हवेचा प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणजे उभ्या गाडीत, भार नसताना, अर्धा रस्ता बंद असला तरी काही कळायचं नाही. नाक चिमटीत धरलेला माणूस खुर्चीवर मजेत बसलेला असतो. त्याला तसंच पर्वती चढायला लावा, मग बघा.

"तर मग चढावर बघायला पाहिजे," दाजी म्हणाले. ते हे स्वतःच म्हणाले, त्यामुळे बाबा मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून वीस फूट पारदर्शक नळी आली. डबी काढून तिच्या भोकात नळीचं एक टोक बसवलं, नळी इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून बेडरूममध्ये घेतली आणि कपाटाच्या आरशावर इंग्रजी यू अक्षरासारखी चिकटवली. शेजारी ताईची शिवणाची टेप. यूमध्ये पाणी भरलं, पण आरशावर ते दिसेना.

"कुंकू घाला," आई म्हणाली. तिने देवाच्या डबीतून चिमूटभर काढून दिलं. "गाडीची पूजा राहिलीच होती."

यूच्या दोन्ही बाजू बाबांनी चांगल्या ऐसपैस ठेवल्या होत्या. नळी आखूड पडली तर इंजिन ते कुंकवाचं पाणी सरळ टर्बोत ओढून घेतं, हे त्यांनी आम्हाला निघाल्यावर सांगितलं.

फ्रिस्को सोडलं, कॉपर माउंटन मागे टाकलं आणि व्हेल पासचा चढ लागला. खिंड 10,662 फुटांवर आहे. बाबा बेडवर, चष्मा कपाळावर, नाक आरशाला लावून. दाजी अडतीस फूट पुढे, पाय तळाला. मधल्या सोफ्यावर पट्टा बांधून मी, मागचे आकडे पुढे ओरडायला. एका नळीत पाणी जितकं चढतं तितकं दुसरीत उतरतं. दोन्ही मिळून जी बेरीज, ते रिडिंग.

"सहा वर, सहा खाली!"

"बारा!" मी ओरडलो.

"दहा, दहा!"

"वीस!"

"वेग किती आहे म्हणावं?"

"पस्तीस!" दाजी पुढून.

"म्हणजे पाण्याचं पस्तीस का?" आईने मध्येच विचारलं, आणि ताईने तिला लाडू दिला.

"सतरा वर, सतरा खाली!" बाबांचा आवाज कारखान्यातल्यासारखा खणखणीत झाला होता. "चौतीस! जावईबापू, चौतीस! डबी खरं बोलत होती!"

दाजींना एवढा आनंद कशाचा, ते कळलं नसावं. त्यांनी हॉर्न मात्र वाजवला.

खिंडीच्या माथ्यावर थांबायची जागा आहे. इंजिन निवेपर्यंत बाबांनी जमिनीवर काडीने चित्र काढून समजावलं, आणि तो भाग मला सगळ्यात आवडला. जाळी, मग हवेची नळी, मग फिल्टर, मग होज, मग टर्बो. आपलं मोजण्याचं भोक फिल्टरच्या लगेच पुढे. आता फिल्टर ते टर्बो ही रबरी होज गरम होऊन आतून चिकटली असती, तर अडथळा भोकाच्या पलीकडे असता. ताकद गेली असती, पण इथलं रिडिंग उलट कमी आलं असतं. रिडिंग चढलं याचा अर्थ अडथळा भोकाच्या अलीकडे. अलीकडे दोनच गोष्टी: फिल्टर आणि त्याच्या आधीची नळी. फिल्टर मार्चमधला.

"उरलं काय?" बाबांनी दाजींना विचारलं. उत्तर त्यांनी स्वतः दिलं नाही. इतका संयम मी त्यांच्यात माझ्या शाळेच्या दिवसांत कधी पाहिला नव्हता.

"नळी," दाजी म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आडवे झाले.

क्लॅम्प सुटला, नळी फिल्टरपासून बाजूला झाली आणि आतून राखाडी बोळा डोकावला. दाजी हात घालणार इतक्यात ताई ओरडली, "हात लावू नका!" ताई हॉस्पिटलात आहे. कोलोराडोतल्या हरिण-उंदरांच्या लेंड्यांतून हंताव्हायरस पसरतो, आणि कोरडी घाण झाडली की तो धुळीबरोबर नाकात जातो. मग मास्क आले, हातमोजे आले, ब्लीच मिसळलेलं पाणी फवारून पाच-दहा मिनिटं वाट बघितली. मुंबई-पुण्यात आपण घरटं दिसलं की खराटा घेऊन धावतो. ते इथे करायचं नाही.

घरटं बाहेर आलं ते जवळजवळ नळीच्याच मापाचं. सुकं गवत, पाइनच्या फळांची सालं, बेडरूमच्या भिंतीतला फोम. आणि भरपूर कापूस, त्यात कापडाचे बारीक कुरतडलेले तुकडे. हिवाळाभर गाडी डेन्व्हरबाहेरच्या एका आवारात उभी होती, तेव्हा झालेला हा संसार. मालक वसंतातच निघून गेले असावेत.

आई वाकून लांबूनच बघत होती. "तो जांभळा तुकडा माझ्या नारायणपेठीचा आहे," ती म्हणाली. मग आणखी निरखून, "आणि तो निळा ह्यांच्या युनिफॉर्मच्या शर्टाचा. ही माझी गोधडी आहे!"

ताईने ती शरदात बेडखाली ठेवली होती. कोथरूडला इंजिनं तपासताना बाबांनी जो शर्ट झिजवला, तोच कमिन्सच्या इंजिनाचा श्वास अडवून बसला होता. बाबांना हे सांगण्याची कोणाची हिंमत झाली नाही. ते स्वतःच हसत सुटले आणि त्यांना धाप लागली. आई हसली नाही. उंदराला ती एक शब्द बोलली नाही, वर्कशॉपवाल्यांना बोलली नाही. पुढचे दोनशे मैल ताईला बोलली. गोधडी पांघरायला दिली होती, गाडीत कोंबायला नाही.

फिल्टर बाबांनी उजेडात फिरवून बघितला. कागद शाबूत होता. टर्बोच्या पंख्यावर टॉर्च मारून पाती बघितली, तीही धड. जाळीच्या आतून पाव इंची भोकांची तारेची जाळी बसवायला दाजींना सांगितलं. बारीक नको; नाहीतर उंदराऐवजी आपणच हवा अडवायची.

मोआबचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलं आहे. कमानी लाल आहेत आणि खूप आहेत.

परतताना व्हेल गावाकडून खिंडीचा चढ लागला, तोही साधासुधा नाही. पाण्याची नळी अजून आरशावर होती, कारण आईला ती काढू द्यायची नव्हती. केस विंचरताना तिला आता सवय झाली होती. ओंडक्यांचा ट्रक पुढे होता. दाजींनी त्याला ओलांडलं. पडद्यावर धूर नव्हता. "सहा वर, सहा खाली," बाबा म्हणाले, आणि माथा येईपर्यंत त्यांना दुसरा आकडा सांगावा लागला नाही.

तेव्हा ज्यांची मोटरहोम हिवाळ्यात उभी असते, त्यांनी पहिल्या प्रवासाआधी हवेची नळी फिल्टरपासून सोडवून आत टॉर्च मारावा. फिल्टर नवा असूनही डबी लाल होत असेल आणि मेकॅनिक ती बिघडली म्हणत असेल, तर त्याला गाडीत बसवून चढावर न्यावं. आणि गोधड्या घरातच ठेवाव्यात.