रुमालाखालचं ७९१

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. लिनक्सवाल्यांनी ही विद्या कुठून उचलली, कोण जाणे! पूर्वी संगणकाचा पडदा १०२४ बाय ७६८ चा, सोळा बिटी रंगांत हवा असला, तर सरळ तसं म्हणायचं नाही; बूटच्या ओळीत गुपचूप ‘व्हीजीए=७९१’ लिहायचं. एवढ्या चित्राला मेमरी लागते दीड एमबी. पण बोर्डातलीच ग्राफिक्स चिप पडली घरजावई: स्वतःची मेमरी नाही, सासऱ्याच्या रॅममध्ये वाटा. त्यात दोन दलाल एकाच बैलाला झोंबावेत तसे दोन ड्रायव्हर एकाच पडद्याला झोंबले, तर समोर नुसता काळोख. बैलाचे निदान दात तरी मोजता येतात.