बोलका गुडघा

साठी उलटली की माणसाला अध्यात्माची ओढ लागते म्हणतात. मला ‘मेडिकेअर अँड यू’ या सरकारी पुस्तकाची लागली. अमेरिकेतल्या ज्येष्ठांना ते दर वर्षी पोस्टाने घरपोच मिळतं. न्यू जर्सीतले माझे निवृत्त मित्र ते न उघडताच रद्दीत टाकतात. मी पेन्सिलीने खुणा करत वाचतो. ‘तुम्हाला काहीही भरावं लागणार नाही’ असं जिथे छापलेलं असतं, तिथे खूण जरा गडद.

नागिणीची लस 2023 पासून मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पार्ट डीमध्ये फुकट झाली. घेतली. हात सुजला, रात्रभर कण्हलो, तरी मनातून खूश होतो, कारण लस टोचून घेण्याआधी तिची एरवीची किंमत फार्मासिस्टकडून वदवून घेतली होती.

खरं तर हा औषधांचा पार्ट डी मी पासष्टीला नाकारला होता. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्याने गोळ्यांसाठी हप्ता का भरायचा? मेडिकेअरचा कायदा 1965 सालचा. दुकानातून आणायच्या औषधांचा विमा आला 2006 मध्ये. मधली चाळीस वर्षं म्हातारे जगलेच ना, असा माझा बिनतोड मुद्दा. ‘अहो, त्यातले किती जगले ते आधी विचारा,’ ही म्हणाली. पुढे रक्तदाब आणि साखर जोडीने मुक्कामाला आले. मुदतीत पार्ट डी घेतला नाही आणि तोडीस तोड दुसरा विमाही नसला, तर उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे मूळ हप्त्याच्या एक टक्का दंड बसतो, आणि पार्ट डी आहे तोवर तो भरायचा. सूर्यनमस्कार केव्हाच सुटले. दंड चालू आहे.

ती वसुली करायची म्हणून मी वार्षिक ‘वेलनेस व्हिजिट’वर डोळा ठेवला. 2011 पासून ती संपूर्ण फुकट आहे. तपासणी म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी राहिलो आणि नवा बनियन घालून गेलो. नर्सने वजन-रक्तदाब पाहिला आणि ती प्रश्नच विचारत बसली. घरात कधी पडलात का? पायाखालचे गालिचे सरकतात का? उदास वाटतं का? कपडे स्वतःचे स्वतः घालता का? या प्रश्नावर मी शर्टाच्या बटणाला हात घातला होता. तिने घाईघाईने थांबवलं.

मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून तिने घड्याळाचं चित्र काढायला लावलं : अकरा वाजून दहा मिनिटं. मी पडलो इंजिनिअर! सेकंदकाटाही काढला. तीन शब्द तर सांगितलेच, वर मागच्या वर्षीचे तीनही ऐकवले. डॉक्टरीणबाई आल्या, स्मरणशक्तीचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, ‘आणखी काही?’

इथे गप्प बसायला हवं होतं. पण कौतुकाने सैल झालेल्या माणसाने गुडघ्याचा विषय काढला. नुसता काढला नाही, तर जिन्यावर तो कसा कटकट वाजतो ते उठून साभिनय दाखवलं. बाईंनी गुडघा दाबला, वाकवला, एक्स-रे लिहून दिला.

काही दिवसांनी बिल आलं. वेलनेसचं शून्य, गुडघ्याचं स्वतंत्र. दुखणं तपासलं की ती प्रतिबंधक सेवा राहत नाही. मग पार्ट बीची, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या विम्याची, वजावट लागते, आणि ती भरून झाल्यावरही वीस टक्के आपले. 2025 ची वजावट 257 डॉलर, महिना जानेवारी, म्हणजे वजावटीतला एक डॉलरही अजून भरलेला नव्हता. मी फोनवर हुज्जत घातली. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, ‘सर, दुखतंय असं तुम्हीच म्हणालात.’ तक्रार न करणाऱ्यालाच फुकट तपासणारी ही योजना मला मान्य नाही, पण बिल भरलं.

त्यानंतर कोलोनोस्कोपी आली. इथे मात्र पुस्तक पाठ करून गेलो. नुसती तपासणी फुकट. पण आत गाठ सापडली आणि ती काढली, तर डॉक्टरांच्या बिलातले 15 टक्के आपल्या माथी. हा वाटा पुढे कमी होत होत 2030 मध्ये शून्य होणार आहे. तेव्हा टेबलावर, मागून उघडा गाऊन घालून कुशीवर पडल्या पडल्या, मी डॉक्टरांना अदबीने विचारलं, की काही सापडलंच, तर 2030 पर्यंत ते तिथेच ठेवता येईल का?

डॉक्टर हसले नाहीत. भूल देणाऱ्याकडे वळून एवढंच म्हणाले, ‘यांना आधी झोपवा.’