समजूतदारांची खुर्ची

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक जात नाहीत. अधिवेशन मुंबईत असेल तर सह्याद्री अतिथीगृहावर, नागपुरात असेल तर रामगिरीवर. चहा होतो, बिस्किटं येतात, विरोधक तेवढे येत नाहीत. ते त्याच दिवशी वेगळी पत्रकार परिषद घेतात आणि बहिष्काराचं पत्र वाचून दाखवतात. पत्रात शेतकरी आत्महत्या असतात, सोयाबीन-कापसाचा भाव असतो, कायदा-सुव्यवस्था असते, राज्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं. मग मुख्यमंत्री कॅमेऱ्यांसमोर येऊन सांगतात की विरोधकांनी आपली परंपरा पाळली, त्यांच्याकडे मुद्दे नाहीत, आम्ही मात्र प्रत्येक विषयावर चर्चेला तयार आहोत. चहा शेवटी सत्ताधारी आमदार आणि पत्रकार पितात.

परराज्यातून आलेल्या एखाद्या अभ्यासकानं हे पाहिलं तर त्याला वाटेल, इथली राजकीय दरी फारच खोल दिसते. तो लगेच उपाय सुचवेल. उपाय सध्या चलनात आहे: समोरच्याची बाजू समजून घ्या, त्याच्या जागी उभं राहून बघा. आपल्याकडच्या उन्हाळी व्याख्यानमालांमध्येही या विषयावर एखादं पुष्प गुंफलं जातंच, आणि वक्त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आभारप्रदर्शन होत नाही.

सल्ला उत्तमच आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर पाठवला जातो. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना समोरच्याची बाजू समजत नाही असं म्हणणं ही त्यांची शुद्ध बदनामी आहे. जगात इतरत्र लोक कल्पनेनं समोरच्याच्या जागी उभे राहतात. आपले लोक प्रत्यक्ष जाऊन बसतात. २०१४ ते २०१९ देवेंद्र फडणवीस चहाला बोलावत होते. २०१९ नंतर उद्धव ठाकरे बोलावू लागले आणि न जाण्याची पाळी फडणवीसांवर आली. २०२२ मध्ये यजमान बदलले, पाहुणेही बदलले. त्यामुळे बहिष्काराच्या पत्रात काय असेल हे यजमानाला पाकीट न फोडता कळतं. कालपरवापर्यंत ते पत्र तोच लिहीत होता. आणि सरकार काय उत्तर देईल हे विरोधकाला कळतं, कारण ते उत्तर त्यानंच दिलेलं असतं. इतकी सखोल समजूत नवरा-बायकोतही नसते.

या समजुतीचं खरं विद्यापीठ म्हणजे विरोधी पक्षनेत्याची खुर्ची. दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा, बंगला, गाडी, कर्मचारी. काम एकच, सरकारच्या चुका शोधायच्या. आता चुका शोधायच्या तर सरकारच्या जवळ जावं लागतं, फायली बघाव्या लागतात, मंत्र्यांशी बोलावं लागतं. माणूस हाडाचा अभ्यासू असला तर या अभ्यासात तो इतका रमतो की एका टप्प्यावर त्याला सरकारचं म्हणणं पटायला लागतं. पुढची पायरी शपथविधीची.

नारायण राणे १९९९ पासून सहाएक वर्षं विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. काँग्रेस आघाडीच्या सरकारवर त्यांनी जो हल्ला चढवला तो जुन्या आमदारांना अजून आठवतो. २००५ च्या मध्यावर त्यांना काँग्रेसची बाजू समजली आणि त्याच वर्षी ते त्याच सरकारात महसूलमंत्री झाले. एकनाथ खडसे २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते. २०१४ मध्ये महसूलमंत्री झाले आणि सत्तेची बाजू समजून घेतली. मग २०२० मध्ये राष्ट्रवादीत जाऊन, ज्यांच्याविरुद्ध पाच वर्षं भाषणं केली होती त्यांचीही समजून घेतली. असा दोन्हीकडचा व्यासंग दुर्मीळ.

वेगाच्या बाबतीत मात्र एकनाथ शिंदे यांचा हात कोणी धरणार नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ते विरोधी पक्षनेते झाले आणि ५ डिसेंबरला त्याच सरकारात मंत्री. नागपूरचं हिवाळी अधिवेशन त्यानंतर सुरू झालं. म्हणजे या विरोधी पक्षनेत्याला बहिष्कार घालायला एकसुद्धा चहा मिळाला नाही. ही हानी पुढे भरून निघाली. ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या चहावर इतरांनी रीतसर बहिष्कार घातला.

त्यांच्यानंतर खुर्चीवर बसले राधाकृष्ण विखे पाटील. त्यांनी घाई केली नाही. साडेचार वर्षं त्यांनी सरकारचा बारकाईनं अभ्यास केला आणि १६ जून २०१९ रोजी, म्हणजे पावसाळी अधिवेशनाच्या बरोब्बर आदल्या दिवशी, मंत्रिपदाची शपथ घेतली. चहाला जायला आता त्यांना कोणतीच तात्त्विक अडचण उरली नव्हती. पुढे २०२३ मध्ये तर २ जुलैला, रविवारच्या दिवशी, या खुर्चीवरून थेट उपमुख्यमंत्रिपदाची शपथ झाली. सोमवारी वर्तमानपत्रं त्याला भूकंप म्हणाली. भूकंप कसला? तो पदवीदान समारंभ होता.

(गोपीनाथ मुंडे यांनीही ही खुर्ची गाजवली आणि नंतर उपमुख्यमंत्री झाले. पण त्यासाठी ते गावोगाव फिरले, निवडणूक लढवली, १९९५ मध्ये समोरचं सरकार पाडून स्वतःचं आणलं. एवढा लांबचा रस्ता आता कोणी वापरत नाही.)

कायद्याचंही या बाबतीत मोठं सहकार्य आहे. हरियाणात १९६७ मध्ये गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम-गयाराम’ मिळाले. यावर इलाज म्हणून १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली. तीत सवलत अशी की एकतृतीयांश आमदार एकदम फुटले तर ती फूट, पक्षांतर नव्हे. २००३ मध्ये संसदेला ही सवलत फार सैल वाटली. मग फूट काढून टाकली आणि विलीनीकरण ठेवलं, त्यासाठी दोनतृतीयांश लागतात. थोडक्यात, समोरच्याची बाजू एकट्यादुकट्याला समजली तर आमदारकी जाते. घाऊक प्रमाणात समजली तर वाचते. सुटा माल घेणाऱ्याला किंमत जास्त पडते, हा बाजाराचा नियम राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत शिरला तो असा.

त्यातूनही वाद झालेच तर निवाड्याला विधानसभा अध्यक्ष आहेत. १० जानेवारी २०२४ रोजी राहुल नार्वेकर यांनी शिवसेनेच्या २०२२ मधल्या फुटीच्या प्रकरणात निकाल दिला. खरी शिवसेना शिंद्यांची, असं त्यांनी ठरवलं, आणि अपात्र मात्र दोन्ही बाजूंचा एकही आमदार केला नाही. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीच्या प्रकरणातही असंच झालं. काही लोकांनी यावर टीका केली. टीकाकार एक विसरले: नार्वेकर स्वतः आधी शिवसेनेत, मग राष्ट्रवादीत, मग भाजपत. तिन्ही बाजू आतून पाहिलेला न्यायाधीश कुठल्या कोर्टात मिळतो सांगा.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना मतदारांनी घोटाळा केला. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा दिल्या. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या दहा टक्के जागा लागतात असा संकेत सांगितला जातो. २८८ चे दहा टक्के म्हणजे २९. ठाकऱ्यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला १०. बेरीज ४६ होते, पण इथे बेरीज चालत नाही. मार्च २०२५ मध्ये शिवसेनेनं भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांकडे दिलं आणि अध्यक्षांनी ते विचारात घेतलं. विचार करायला वेळ लागतो. खुर्ची रिकामी राहिली.

यावर लोकशाहीप्रेमींनी लोकशाहीच्या नावानं हळहळ व्यक्त केली. माझी हळहळ व्यावहारिक आहे. ही खुर्चीच नसेल तर भविष्यातले मंत्री तयार व्हायचे कुठे?

जुन्या काळी या महाराष्ट्रात समजून घेण्याची दुसरी एक पद्धत होती. ती मागासलेली होती, तरी माहिती म्हणून सांगतो. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. रात्र-रात्र बोलले. एकमेकांचं मत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावर बिनसलं. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोघं आपापल्या पत्रांतून एकमेकांना सोलत राहिले. सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांनी मत बदललं नाही.

टिळक आणि गोखल्यांचंही तसंच. सुरतेच्या काँग्रेसमध्ये १९०७ साली खुर्च्या उडाल्या, जोडा भिरकावला गेला, पक्ष दुभंगला. नंतरही टिळक-गोखल्यांचं जमलं नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा टिळक अंत्यसंस्काराला आले आणि बोलायला उभे राहिले. जमावातल्या कुणीतरी सवयीनं टाळ्या वाजवल्या. ही वेळ टाळ्यांची नाही, डोळ्यांतून पाणी काढण्याची आहे, असं सांगून त्यांनी लोकांना गप्प केलं आणि गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जहालच. समोरच्याची बाजू पुरती कळलेली, माणसाबद्दल आदर, आणि तरी विरोध कायम! आजच्या हिशेबानं याला वाया गेलेली संधी म्हणतात. आज असतं तर दोघांपैकी एकाला रात्री गाडीत बसवून सुरतेला नेलं असतं. सुरत तेव्हाही होती, आताही आहे. पूर्वी तिथे पक्ष सभामंडपात फुटायचे, आता, २०२२ च्या शिवसेनेसारखे, हॉटेलात.

तर पुढाऱ्यांचं शिक्षण पूर्ण झालेलं आहे. राहतो प्रश्न खालच्यांचा. दरी आहे ती तिथेच. आमच्या सोसायटीत बी विंगमध्ये समोरासमोर राहणारे दोन गृहस्थ एकाच शिवसेनेच्या शाखेत वाढले. २०२२ च्या जूनपासून दोघांत बोलणं नाही. एक लिफ्टमध्ये शिरला की दुसरा जिना चढतो, आणि तो चौथ्या मजल्यावर राहतो. गणपतीची वर्गणी एकानं दिली की दुसरा पावतीवर पहिल्याचं नाव आहे का ते बघतो. फुटलेल्या आमदारांसारखं यांना कोणी गुवाहाटीला नेलं नाही, मंत्री केलं नाही, महामंडळही दिलं नाही. नुसतं भांडण दिलं, तेही ना-परतीच्या बोलीवर. अशांनी समोरच्याची बाजू कोणत्या बळावर समजून घ्यावी? समजूत यायला काहीतरी निमित्त लागतं.

तालुक्याच्या गावात तर परिस्थिती आणखी नाजूक. तिथे फ्लेक्स छापणारा सोडला तर सगळेच गोंधळलेले असतात. फ्लेक्सवाल्याकडे सगळ्या नेत्यांचे हात जोडलेले फोटो संगणकात तयार असतात. कोण कोणाच्या शेजारी आणि कोण कोपऱ्यातल्या गोलात, एवढंच तो गिऱ्हाइकाला विचारतो आणि कोणतंही मत न देता पैसे आगाऊ घेतो.

माझ्या ओळखीतल्या एका तालुक्यात २०१९ च्या विधानसभेला मतदानाच्या दिवशी दोन गटांत जुंपली. दोन डोकी फुटली. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. कलमं १४३, १४७, ३२४. त्यानंतर दोन्ही गटांचे साहेब टप्प्याटप्प्यानं एकाच सरकारात आले. फिर्यादी आणि आरोपी आता एकाच फ्लेक्सवर असतात, वरच्या रांगेत, एकमेकांपासून दोन गोल सोडून. खटला मात्र चालूच आहे. कोर्टाला सरकार बदलल्याचं कोणी कळवलेलं दिसत नाही.

दोघंही थकले. तारखेला जायचं म्हणजे दिवस मोडतो, वकिलाची फी वेगळी. राजकीय आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय निघत असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून चौकशी केली. कळलं की सवलत आंदोलनाला आहे, डोकं फोडण्याला नाही. आंदोलनात बस जाळली असती तर कदाचित काही करता आलं असतं.

शेवटी दोघं मिळून, एका गाडीतून, आमदारांकडे गेले. आमदार तेच, ज्यांच्यासाठी एकानं डोकं फोडलं होतं आणि दुसऱ्यानं ज्यांच्याविरुद्ध फोडून घेतलं होतं. त्यांनी दोघांना बसवलं, पाणी मागवलं, कागद शांतपणे वाचले. मग चष्मा काढून, मनापासून नवल वाटून त्यांनी विचारलं, “अरे, पण तुम्हाला भांडायला सांगितलं कुणी होतं?”