थोडे आत सरकावे, ही विनंती

प्रति,
मा. अरबी समुद्र साहेब,
मुक्काम अलिबाग, मुरूड, वसई व इतरत्र.

विषय: जुन्या वास्तूंच्या डागडुजीचा निधी मिळावा म्हणून आपण कर्जत व खालापूर तालुक्यांच्या हद्दीत तातडीने हजर राहण्याबाबत.

महोदय,

आपला-आमचा जिल्हा एकच. १९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा होते, म्हणजे आपल्या पाण्यात उभ्या असलेल्या किल्ल्याच्या नावाने आम्ही डोंगरातली माणसे ओळखली जात होतो. पुढे जिल्ह्याला रायगडाचे नाव मिळाले, तर तो गड महाडकडे. त्याच्यासाठी ६०६ कोटींचा आराखडा झाला, उत्तम झाले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपल्या जिल्ह्यातून रायगड आणि आपल्या पदरी असलेला खांदेरी. पेढे आम्हीही खाल्ले. आमच्या दोन तालुक्यांकडे मात्र जिल्ह्याचा नकाशा पूर्वेकडून भरून काढण्याचे काम कायम आहे.

मुंबईकर आमच्याकडे थांबतो तो कर्जत स्टेशनात, घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन लागेपर्यंत. तेवढ्यात वडापाव होतो. मुद्दाम येतो तो 'रिव्हर टच' प्लॉट बघायला. नदी लागून असली की गुंठ्याचा भाव चढतो. लेणे लागून आहे म्हणून भाव चढल्याचे अजून आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा आम्ही ठरवले, की निधीचा अर्ज 'समुद्रकाठची ऐतिहासिक वास्तू' या सदरातच करायचा. समुद्र जवळ नाही, एवढी एक किरकोळ त्रुटी राहते. ती आपण जातीने येऊन दूर करावी.

आपण म्हणाल, माझा काय संबंध? आहे. कोंडाण्याची लेणी घ्या. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल घाटमाथ्यावर जायचा तो याच डोंगरातल्या वाटांनी, आणि त्या वाटेवर भिक्षूंचा हा मुक्काम. बंदर चालले नसते तर लेण्याला दाता कुठून मिळता? दर्शनी भागावर दगडात लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल आहे, कमानी काय, कठडे काय. बाजूला एका यक्षाचे मोठे शिल्प. चेहरा गेला, पण डोक्यावरचे पागोटे अजून ऐटीत आहे. त्याच्याजवळ ब्राह्मीत कोरले आहे, की हे कान्हाचा शिष्य बलक याने केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव कामावर शाबूत आहे. गेल्या उन्हाळ्यात झालेल्या रस्त्याचा ठेकेदार कोण, हे कुणाला विचारून बघा.

आत चैत्यगृहातले खांब खालून ओलीने खाल्ले आहेत. काही तर जमिनीचा नाद सोडून वरच्या छतालाच धरून आहेत. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावर धबधबा कोसळतो, त्याखाली भिजायला झुंडी येतात, ओल्या कपड्यांनी यक्षाबरोबर फोटो काढतात आणि जातात. बलकाची चौकशी क्वचितच होते. तेच पाणी पुढे उल्हासला मिळून वसईच्या खाडीत आपल्याकडे जमा होते. आपली पोच कधी आलेली नाही.

खालापूरचे येणे याहून मोठे. लोणावळ्याच्या माथ्यावरचे पाणी पूर्वी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे दूरचे नातेवाईक करत बंगालच्या उपसागराला जायचे. टाटांनी वर तलाव बांधले, मोठ्या नळांतून पाणी खोपोलीला खाली आणले, १९१५ पासून त्यावर वीज काढली आणि वापरलेले पाणी पाताळगंगेत सोडले. ती धरमतरच्या खाडीला मिळते, म्हणजे आपल्याच खात्यात. शंभर वर्षांहून अधिक काळ आम्ही दुसऱ्याच्या हक्काचे पाणी आपल्याला पोचवतो आहोत आणि त्याबद्दल कुठे बोललेलो नाही. त्याआधीचेही एक येणे आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान उत्तर कोकण घ्यायला घाट उतरला, त्याला शिवाजी महाराजांनी चावणीजवळच्या उंबरखिंडीत गाठले आणि खान सामानसुमान टाकून परत गेला. किनाऱ्यावरच्या ठाण्यांची झोप मोडली नाही, ती खालापूरमुळे.

येण्याचा संकोच नसावा. खालापुरात आपली शाखा आधीच उघडली आहे. इमॅजिकाच्या वॉटर पार्कमध्ये लाटा येतात, तिकीट काढले की. भरती-ओहोटीच्या वेळा व्यवस्थापन ठरवते, चंद्राला त्रास नाही.

इथवर लिहून झाले आणि आमच्यातल्या एका खवचट गृहस्थांनी शंका काढली: समुद्र आला म्हणून निधी येतो, हे सांगितले कुणी? त्यांनी मुरूडसमोरचा पद्मदुर्ग दाखवला. तिथे तटाचे दगड खाऱ्या पाण्याने झिजून आत गेले आहेत आणि दोन दगडांमधला चुना मधाच्या पोळ्यासारखा बाहेर उरला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या चुन्याने दगडाला हरवले; आमच्या कार्यालयांच्या गिलाव्याला हा निरोप कळवावा काय, असेही त्यांनी विचारले. तर हा किल्ला अष्टौप्रहर आपल्या मांडीवर, आणि त्याला नियमित बोटसुद्धा नाही. शेजारी जंजिऱ्याला मात्र माणसांनी भरलेली होडकी जात असतात. यावरून गृहस्थांचे मत असे, की निधी पाण्याला भुलत नाही, गर्दीला भुलतो. गर्दी तर आमच्या धबधब्याखालीही असते. पण ती लेण्याच्या नावावर लागत नाही.

म्हणून विनंतीत दुरुस्ती करतो. आपण प्रत्यक्ष येऊ नये. खारी हवा त्या अधांतरी खांबांना सोसणार नाही. शिवाय आपण आलात की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड लागेल, 'रिव्हर टच'चे 'सी टच' होईल, आणि नियम व बंगले एकाच जागी कसे सुखाने नांदतात हे आपण अलिबागला बघतच आहात. आपण कागदावर यावे. एक दाखला द्यावा, की सदर दोन्ही तालुके समुद्रकाठीच आहेत, समुद्र काही कामानिमित्त बाहेरगावी गेला आहे.

आमच्या मागण्याही बेताच्या आहेत. कोंडाण्याच्या माथ्यावरचे पाणी लेण्याच्या तोंडावरून न पडता बाजूने जाईल असा एक चर. खांबांना जाणकारांच्या देखरेखीखाली आधार, नुसते सिमेंट थापून नव्हे. मराठीत धड वाचता येईल असा फलक, त्यावर बलकाचे नाव उद्घाटकाच्या नावापेक्षा मोठे. एक रखवालदार, जो पावसाळ्यातही हजर असेल. आणि पेठच्या कोथळीगडावर सुळक्याच्या पोटातून कोरलेला जो जिना आहे, त्याच्या भिंतीवर प्रेमिकांची नावे कोरण्याचे काम तूर्त स्थगित करावे; त्याला मात्र निधी लागत नाही.

दाखल्यावरचा शिक्का गोल असावा. चौकोनी परत येतो.

कळावे, लोभ असावा. उधाणाच्या दिवसांत नसला तरी चालेल.

आपला,
एक कर्जतकर
(खालापूरकरांच्या वतीनेही. त्यांना विचारलेले नाही.)

प्रत माहितीसाठी: मा. बंगालचा उपसागर. १९१५ पासूनच्या थकीत पाण्याबाबतचा पत्रव्यवहार आपण परस्पर वरील पत्त्यावरच करावा.