न्हाणीघराची अब्रू

इंटिरियरवाल्यांच्या कॅटलॉगमध्ये बाथरूमच्या खिडकीला लिननचा रोमन ब्लाइंड असतो. शेजारी मेणबत्ती आणि तीन गोल दगड. बादली, मग आणि कपड्यांचा ब्रश तेवढा दिसत नाही. हे बाथरूम बहुधा आंघोळीसाठी नसावं.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे लिनन काय नि सुती काय, कापड ओल धरून ठेवतं, घड्यांत हवा खेळत नाही आणि जुलै संपायच्या आत पांढऱ्या पडद्यावर काळे ठिपके उमटतात. विक्रेता त्यालाही 'नॅचरल टेक्श्चर' म्हणायला कमी करणार नाही. लाकडी पट्ट्या फुगतात, वाकतात आणि नेमक्या पाहुणे आल्यावर अर्ध्यात अडकतात.

ॲल्युमिनियमच्या किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या फडक्याने पुसता येतात. काचेला दुधी फिल्म चिकटवली तर पडदाच लागत नाही. पण इतकं सोपं सुचवलं तर सल्ल्याची फी कशाची घ्यायची? आधीच्या पिढीने काचेवर सरळ वर्तमानपत्र डकवलं होतं. अब्रू राखली जायची आणि आंघोळ करता करता गेल्या वर्षीचा अग्रलेखही वाचून व्हायचा.

मुळात ओल जाते ती वाऱ्याने. पण कबुतरं येतात म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला पुठ्ठा, आणि खिडकीच्या काचा ऑइलपेंटने कायमच्या चिकटलेल्या. अशा बंद पेटीत महागडा पडदा टांगायचा आणि मग बुरशी घालवायचा स्प्रे ऑनलाइन मागवायचा. बाटलीवर बारीक अक्षरांत सूचना असते: हवेशीर जागेत वापरा.