शेकरू

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरच्या जंगलात उंच झाडांवर राहतो. आमचा शेकरू चौथ्या मजल्यावर राहतो. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव आहे, आडनावासकट आहे; पण मुलाने न्यू जर्सीहून कॉकटेलचा स्टीलचा शेकर पाठवल्यापासून सोसायटीत ते नाव कुणी घेत नाही. ही जमात एकेकाळी दुर्मीळ होती. आता बाणेरला, बावधनला, ठाण्याच्या घोडबंदर रोडला इमारतीमागे एखादा नग सापडतोच. वय पंचावन्नच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण मेकॅनिकल, कर्ज फिटलेलं, साखर बॉर्डरवर. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मुलाची वक्तृत्वस्पर्धेची ढाल होती, तिथे आता बाटल्या. शेजारी १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली काढलेला आजीव परवाना, चक्क फ्रेम करून. ती फ्रेम देवघरातून दिसू नये, एवढं पथ्य वहिनींनी पाळायला लावलंय.

या माणसाचं तारुण्य परमिट रूममध्ये गेलं. रममध्ये थम्स अप ओतून तो बॉलपेनच्या मागच्या टोकाने ढवळायचा. आम्ही साक्षीदार आहोत. आता हा इतिहास त्याला मान्य नाही. पूर्वी 'शनिवारी बसू' म्हटलं की भागायचं. त्याच्याकडे हल्ली कुणी बसत नाही. ओट्यासमोर ओळीने उभं राहावं लागतं, कारण प्रात्यक्षिक असतं.

प्रात्यक्षिकाचा पहिला बळी जेम्स बाँड. "या माणसाने दोन पिढ्यांचं वाटोळं केलं," इथून सुरुवात. १९५३ साली 'कसिनो रोयाल' या पहिल्याच कादंबरीत इयान फ्लेमिंगने बाँडला जिन, व्होडका आणि किना लिले यांचं मिश्रण चांगलं गारढोण होईस्तोवर शेक करायला लावलं. १९६४च्या 'गोल्डफिंगर'मध्ये शॉन कॉनरीने ती फर्माईश पडद्यावर केली. तेव्हापासून मार्टिनी कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाही ती ढवळायची नसते एवढं ठाऊक असतं. शेकरूचं म्हणणं, मार्टिनीत आहे काय? जिन आणि व्हर्मूथ. दोन्ही आरपार दिसणारी. ना रस, ना साय. मग खडखडवायचं कशाला?

पुरावाही तयार असतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २०१३च्या नाताळ अंकात काही डॉक्टरांनी कादंबऱ्यांमधल्या बाँडच्या पिण्याचा हिशोब मांडला. आठवड्याला ९२ युनिट निघाले. त्यावर त्यांनी विनोदाने शंका काढली, की एवढी पिणाऱ्याचे हात थरथरतच असणार. बिचाऱ्याची पेयं शेक न होऊन सांगतात कुणाला! हे सांगताना शेकरूचा चेहरा असा फुलतो की आपणच थोडं लांब उभं राहावं. त्याच नियतकालिकाने १९९९च्या नाताळात उलटी बातमी दिली होती. शेक केलेली मार्टिनी ढवळलेल्या मार्टिनीपेक्षा अँटिऑक्सिडंट म्हणून सरस ठरल्याचा कॅनडातला प्रयोग तिथे छापून आला होता. तो अंक शेकरूच्या फायलीत नाही.

नियम म्हणावा तर दोन ओळींचा. पेल्यात दारूच दारू असेल, म्हणजे मार्टिनी, मॅनहॅटन, निग्रोनी, तर बर्फ घालून लांब चमच्याने ढवळायचं. लिंबाचा रस, साय, अंडं असलं काही असेल, म्हणजे डायकिरी, मार्गारिटा, व्हिस्की सावर, तर शेकरमध्ये घालून जीव खाऊन हलवायचं. पण एवढ्यावर थांबेल तर तो इंजिनियर कसला!

मग थर्मामीटर निघतो. वहिनींनी केकसाठी आणलेला. "बर्फ किती अंशावर वितळतो?" शून्यावर, आम्ही एका सुरात म्हणतो. "आणि हे बघा." काटा शून्याच्या खाली. पहिल्या वेळी सगळे खरंच चकित झाले होते, हे कबूल केलं पाहिजे. दारूमुळे गोठणबिंदू खाली सरकतो, म्हणून द्रव न गोठता शून्याखाली जातो. आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, ती जाते पेयामधूनच. याचा अर्थ पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे. गारवा पाहिजे आणि पाणी नको, असं म्हणून चालत नाही. न्यूयॉर्कच्या डेव्ह अरनॉल्डने २०१४च्या 'लिक्विड इंटेलिजन्स' या पुस्तकात हा सिद्धान्त मांडलाय. ते पुस्तक शेकरू लाल कापडात बांधून ठेवत नाही, एवढंच.

"पाणी ही भेसळ नाही, तो घटक आहे!" हे वाक्य तो टेबलावर हात आपटून म्हणतो. आयुष्यभर दूधवाल्याशी भांडलेल्या माणसांना ते पचायला वेळ लागतो.

शेकरमध्ये बर्फ आपटतो, फुटतो, त्याचे कण होतात, हवा घुसते. दहाबारा सेकंदांत पेय उणे पाचच्या आसपास पोचतं आणि तिथेच थांबतं. पुढे हलवाल तर फक्त दंड दुखतात. अर्धा मिनिट ढवळूनही तेवढी थंडी येत नाही आणि पाणीही कमी सुटतं. नुसत्या दारूच्या पेयाला तेच हवं असतं. हवा न शिरल्यामुळे ते स्वच्छ राहतं, जिभेला मऊ आणि थोडं जड लागतं. तीच मॅनहॅटन शेक केली की गढूळ होते, वर करडा फेस येतो आणि चव पातळ लागते. लिंबाच्या पेयाला मात्र हाच फेस मानवतो. आंबटगोडाची धार त्याने हलकी होते. फक्त ते बुडबुडे चारदोन मिनिटांचे सोबती. म्हणून ग्लास हातात आल्यावर आधी फोटो काढणाऱ्याला शेकरू पुढच्या शनिवारी बोलावत नाही.

पंचाईत अशी, की हे सगळं बरोबर आहे. तो चुकत असता तर टिंगल करून आम्ही मोकळे झालो असतो. त्याने एकदा एकच पेय दोन्ही तऱ्हांनी करून डोळ्यांवर पट्टी बांधून पाजलं. पहिल्या मजल्यावरच्या आप्पांनीसुद्धा फरक ओळखला. आप्पा एकोणऐंशीचे आहेत आणि त्यांचं मागणं सोसायटी स्थापन झाल्यापासून एकच आहे: व्हिस्की, निम्मं पाणी, निम्मा सोडा. फरक ओळखून झाल्यावर ते म्हणाले, "आता माझी आण."

या सगळ्यात मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तीस वर्षांच्या संसारात चहाचं गाळणं कुठल्या खणात असतं हे या गृहस्थाला माहीत नव्हतं. आज त्याच्याकडे स्वतःची दोन गाळणी आहेत, एक स्प्रिंगचं आणि एक बारीक जाळीचं, आणि ती तो स्वतः विसळतो, पुसतो, टांगतो. कोशिंबिरीला लिंबू पिळ म्हटलं असतं तर ज्याला फोन आला असता, तो आता सालीची कातरण अशी काढतो की पांढरा भाग लागू नये. मराठी पुरुषाला ओट्यापाशी उभं करायला दोन पिढ्यांचं प्रबोधन कमी पडलं. ते काम मिलिलिटरमध्ये मोजणाऱ्या एका मापाने केलं. अर्थात वहिनींना विचाराल तर त्या म्हणतात, ओटा आधी रिकामा तरी असायचा.

खरी लढाई फ्रीझरवर आहे. शेकरूला तिथे मोठे, कोरडे, टणक खडे हवेत, कारण ओला, चुरा झालेला बर्फ आधीच पाणी घेऊन येतो आणि हिशोब बिघडवतो. वहिनींना तिथे मटार हवेत, ओल्या नारळाचा चव हवा, संकष्टीच्या मोदकांचं सारण हवं. बर्फाला वास लागतो, हे त्याचं गाऱ्हाणं. एकदा निग्रोनीला वेलदोड्याचा वास आला. पाहुण्यांनी कृती विचारली.

घर शाकाहारी, त्यामुळे व्हिस्की सावरवरच्या अंड्याच्या फेसाचा प्रश्न बरेच दिवस लोंबकळत होता. मग त्याला कळलं की शिजवलेल्या काबुली चण्यांच्या पाण्याचा तसाच फेस होतो. तेव्हापासून छोले केले की कुकर उघडायला तो जातीने हजर. हे पाणी आधी बर्फाशिवाय हलवायचं आणि मग बर्फ घालून. वहिनींच्या छोल्यांना रस्सा उरत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही जण त्याच्यासोबत गोव्याला गेलो. काजूचा हंगाम, उर्राकाचे दिवस. काजूबोंडांच्या रसाची पहिली धार म्हणजे उर्राक. पुन्हा गाळली की फेणी, जिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एका जुन्या तवेर्नात मालकाने ग्लासात उर्राक घातली, मीठ टाकलं, उभी चिरलेली हिरवी मिरची सोडली आणि वरून लिम्का. शेकरूने बॅगेतून पीळदार दांड्याचा चमचा काढला. मालक शांतपणे म्हणाला, "कित्याक?" शेकरू बोलणार, तेवढ्यात त्याच्याच डोक्यात उजेड पडला: फसफसणारं पेय कधी शेक करायचं नसतं, आणि ढवळावं तितका वायू उडतो. मालकाने लिम्का ओतली तीच अशी, की काम ओतण्यातच झालं होतं. चमचा बॅगेत गेला. परतीच्या वाटेवर कणकवलीपर्यंत तो त्या मालकाबद्दल अशा आदराने बोलत होता, जणू त्यानेही अरनॉल्ड वाचला असावा.

यंदाच्या गटारीला त्याने कळस केला. वहिनींनी खाली देवापुढे दिवे पूजले, आणि वर गच्चीवर रामोस जिन फिझ ठरली. न्यू ऑर्लिन्सच्या हेन्री रामोसने १८८८ साली काढलेलं हे पेय: जिन, दोन जातींच्या लिंबांचा रस, साखर, साय, अंड्याचा पांढरा बलक, संत्र्याच्या फुलांचं पाणी, वरून सोडा. ते बारा मिनिटं शेक करायचं असतं म्हणतात, आणि रामोसने त्यासाठी पोरांची रांगच नोकरीला ठेवली होती. शेकरूने विंगवार यादी केली. प्रत्येकाला एक मिनिट. गारठलेला शेकर फडक्यात गुंडाळून हातोहात फिरू लागला. सेक्रेटरींनी तीस सेकंदांत खांदा धरला. ढोलपथकातल्या पोराने मात्र असा ठेका धरला की बी विंगच्या बाल्कन्या भरल्या. अंड्याच्या जागी छोल्यांचं पाणी होतं, संत्र्याच्या फुलांच्या जागी गुलाबपाणी.

फेस ग्लासच्या काठावर दोन बोटं उभा राहिला. टाळ्या झाल्या. दिव्यांचा नैवेद्य आटोपून वहिनी वर आल्या होत्या. पहिला ग्लास त्यांना. त्यांनी घोट घेतला, पुन्हा एक घेतला.

"अहो, छान झालंय. पण हे पीयूष आहे."

गच्चीवर शांतता. शेकरूने क्षणभर विचार केला. "पीयूष घुसळतातच," तो म्हणाला, "म्हणजे नियम बरोबर आहे."

"मग मंगळवारी मंगळागौर आहे खाली. पंचवीस जणी येतील. तेवढं कराल?"

शेकरूने खिशातून वही काढली. "चक्का किती अंशावर ठेवणार आहेस?"