चिल्लर कुणाला म्हणता?

आत्याच्या पत्र्याच्या डब्यातून चार हजार शंभर रुपये निघाले. सगळी मोड. दहाची दोनशे नाणी, पाचची दोनशे, दोनची तीनशे आणि रुपयाची पाचशे. पेणला घरच्या ओटीवर बसून ती पोह्याचे पापड आणि मिरगुंडं विकते; वर्षभराचे सुटे त्या डब्यात पडतात. रविवारी आम्ही सतरंजीवर डबा उपडा केला. दहा-दहाच्या चळती लावल्या, शंभर-शंभर मोजून पातळ पिशव्यांत भरले, दोऱ्याने तोंडं बांधली. बारा पिशव्या झाल्या. बोटं काळी पडली, हाताचा वास साबणाने जाईना. काट्यावर भरलं सहा किलो.

सोमवारी ते ओझं घेऊन पेणमधल्या तीन शाखा फिरलो. पहिल्या शाखेत रोखपालाने पिशवीला हातसुद्धा लावला नाही. "ठेवायला जागा नाही." दुसरीकडे, "खातं इथलं आहे का?" तिसरीकडे, "हजाराच्या वर मोड घेता येत नाही, कायदाच आहे तसा." आत्या बहात्तर वर्षांची. तिन्ही ठिकाणी ती रांगेत उभी होती.

तिसऱ्या उत्तराचा मला जास्त राग आला, कारण त्यात कायद्याचं नाव घेतलं होतं आणि कायदा तसं म्हणत नाही. २०११च्या नाणे कायद्यात हजाराची मर्यादा आहे, पण ती देणं फेडण्यापुरती. रुपयाच्या किंवा त्याहून मोठ्या नाण्यांत तुम्ही कुणाचे पैसे चुकते करायला गेलात, तर हजारापर्यंत ती नाणी कायदेशीर चलन आहेत. बँकेत नाणी भरायला रिझर्व्ह बँकेने अशी कोणतीही मर्यादा घातलेली नाही. उलट शाखा कुठलीही असो, काउंटरवर आलेली नाणी बदलून द्या किंवा जमा करून घ्या, असे तिचे आदेश आहेत. रुपया-दोन रुपयांची नाणी वजनावर घ्या, असंही त्यात सांगितलंय. स्टीलचा आजचा रुपया ३.०९ ग्रॅमचा. एकाच मालिकेची शंभर नाणी म्हणजे ३०९ ग्रॅम. मोजायला वेळ नाही हे कारण तिथेच संपतं.

जागेची अडचण मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. २०१८च्या जानेवारीत नाणी ठेवायला जागा उरली नाही म्हणून सरकारी टाकसाळींनी चलनी नाणी पाडणं काही काळ थांबवलं होतं. २०२३मध्ये शिर्डीच्या साई संस्थानाची दानपेटीतली नाणी घ्यायला काही बँकांनी ह्याच कारणाने नकार दिला. पण त्याच दिवसांत आमच्या बाजारात दुकानदार दोन रुपयांच्या बदल्यात चॉकलेट हातावर ठेवत होता. एकीकडे पोती पडून आहेत आणि दुसरीकडे गल्ल्यात मोड नाही. नाणी इकडून तिकडे पोचवणं हे बँकेचंच काम, ते आत्याने का करावं?

२०२३च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने क्यूआर कोडवर चालणारी नाण्यांची यंत्रं बारा शहरांत बसवायचं जाहीर केलं. मोबाईलवरून पैसे भरा, नाणी घ्या. चांगली सोय आहे. पण ज्याच्या पदरात नाणीच आहेत आणि ज्याला नोट हवी आहे, त्याच्यासाठी यंत्र कुठे आहे?

पेणच्या बाजारात जरा खाली बघा. कातकरी बाया मे महिन्यात करवंदांचे द्रोण लावतात, पावसाच्या तोंडावर शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. दहाला द्रोण, दहाला जुडी. दिवसभराची कमाई पदराच्या गाठीत, आणि बरीचशी नाण्यांत. संध्याकाळी तीच बाई तेल-मीठ घ्यायला जाते तेव्हा किराणावाला दहाचं नाणं परत सरकवतो, "हे चालत नाही." जानेवारी २०१८मध्येच रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि चौदाही चालतात, वर दहा रेषा असोत की पंधरा, नाणं खरंच. ही गोष्ट त्या बाईला कुणी सांगितली नाही, आणि दुकानदाराला ऐकायची नाही. मग शंभराची मोड देऊन नव्वदच्या नोटा घ्यायच्या. ह्याला बट्टा म्हणतात. मी ह्याला चोरी म्हणतो. बँकेने मोड घेतली असती तर दुकानदाराने नाणं परत सरकवलंच नसतं.

बुधवारी आत्याला रोह्याला नात्यात जायचं होतं. पिशव्या सोबत घेतल्या. एसटीत कंडक्टर सुट्यांसाठी प्रत्येकाशी हुज्जत घालत होता. आत्याने दोनच्या नाण्यांची एक पिशवी काढून दाखवली. त्याने दोऱ्याची गाठ सोडली, मूठभर नाणी तळहातावर पसरून पाहिली आणि दोनशेची नोट तिच्या हातात ठेवली. "मावशी, आणखी आहे?"

चिंतामणराव देशमुख ह्याच रोह्यात वाढले. १९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच साली महायुद्धात धातू पुरेना म्हणून सरकारने भोकाचा पैसा काढला. मधला तुकडा वाचवला, पण मोड लोकांपर्यंत पोचवली. दशमान नाण्यांचा कायदा १९५५मध्ये झाला तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते. त्यांच्या गावात तरी नाण्याला नकार मिळू नये, एवढंच मनात होतं.

मिळाला. रोह्यातल्या शाखेचा रोखपाल म्हणाला, "एवढी चिल्लर नाही घेत आम्ही." ह्या वेळी मी कागद घरूनच लिहून आणला होता: नकाराचं कारण लेखी द्यावं. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे तक्रारीला एक पैसा पडत नाही. रोखपाल कागद घेऊन आत गेला. बाहेर आला तो अधिकाऱ्याला घेऊनच. अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला, पिशव्यांकडे पाहिलं, आणि मोजायला बसायला सांगितलं. अकरा पिशव्यांना अर्धा तास लागला. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही.

तीन हजार नऊशे. अधिकारी आता नरम झाले होते. आत्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, "आजी, इथे खातं उघडून देतो, त्यातच ठेवा. सुरक्षित राहतील."

२०१०मध्ये पेणमधल्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आमच्या आळीतली माणसं पासबुकं हातात धरून बंद दारापुढे उभी होती. आत्याने ती रोज पाहिली होती.

ती खुर्चीवरून उठली. "नको," म्हणाली, "नोटा हातात द्या."